काचेआडचा तारपा आणि सातवी आज्ञा

व्हॅटिकनच्या मानववंशसंग्रहातील बासष्ट वस्तू पोप चौदावे लिओ यांनी १५ नोव्हेंबर २०२५ रोजी कॅनडाच्या महागुरूस्वामींच्या हवाली केल्या. त्या तेथील आदिवासी जमातींच्या हाती जायच्या होत्या, आणि डिसेंबरच्या आरंभी त्या कॅनडाच्या भूमीवर उतरल्याही. ही वार्ता आपल्या घरांत पोहोचली, ख्रिस्तसभेच्या औदार्याचे कौतुक झाले, आणि विषय मिटला. आम्हांला तो मिटलेला दिसत नाही. तो विषय दूरच्या बर्फाळ प्रदेशाचा नसून आपल्या ठाणे-पालघरच्या मातीचाही आहे, असे आमचे म्हणणे आहे. ते काहींना रुचणार नाही, याची जाणीव ठेवूनच आम्ही ते मांडीत आहोत.

प्रथम या बासष्ट वस्तू रोमला गेल्या कशा ते पाहू. पोप अकरावे पायस यांनी १९२५ च्या पवित्र वर्षात एक विशाल मिशन-प्रदर्शन भरविले. जगाच्या कानाकोपऱ्यांतून मिशनऱ्यांनी सुमारे एक लाख वस्तू धाडल्या. प्रदर्शन संपले, आणि त्यांतल्या सुमारे चाळीस हजार वस्तू रोममध्येच राहिल्या. त्यांतून एक कायमचे संग्रहालय उभे राहिले. २०१९ पासून त्याला 'अनिमा मुंडी', म्हणजे 'जगाचा आत्मा', असे सुंदर नाव आहे. या वस्तू पोपमहाशयांना भेटीदाखल आल्या होत्या, ही संग्रहालयाची आजवरची भूमिका.

भेट हा शब्द मोठा सोज्ज्वळ आहे. पण ज्या काळी ही भेट झाली त्या काळी कॅनडात कायदा काय होता? पॉटलॅच नावाचा तेथील पश्चिम किनाऱ्यावरील जमातींचा दान-समारंभ १८८५ पासून १९५१ पर्यंत कायद्याने गुन्हा होता. समारंभ केला तर तुरुंग, आणि समारंभाचे मुखवटे, डफ व अलंकार सरकारजमा. मुले आईबापांपासून तोडून निवासी शाळांत ठेवलेली, आणि त्यांतल्या पुष्कळ शाळा आपल्याच व्रतस्थांच्या हाती. अशा वेळी एखाद्या वृद्धाने आपल्या आजाचा मुखवटा फादरांच्या हाती ठेवला असेल, तर ते दान म्हणावे की शरणागती? दोन्ही गोष्टी घडल्या असतील. काहींनी प्रेमानेही दिले असेल, हे आम्ही नाकारीत नाही. पण ज्याच्या हातात 'नाही' म्हणण्याची मुभा नव्हती, त्याच्या 'होय'ला आपण भेट म्हणत राहावे, हे न्यायाला धरून नाही.

आणि गंमत अशी की परत करतानाही शब्द तोच वापरला गेला. पोपमहाशयांनी या वस्तू कॅनडाच्या महागुरूस्वामींना 'भेट' दिल्या, असे निवेदनात म्हटले आहे. येताना भेट, जाताना भेट. मधल्या शंभर वर्षांत कोणी कोणाचे काही देणे लागत होते, याचा उल्लेख त्या एका शब्दाने टळला. कृतीचे आम्ही मनापासून स्वागत करतो. तरी शब्दाबद्दलची आमची तक्रार आम्ही गिळणार नाही.

पोप फ्रान्सिस यांनी या बाबतीत अधिक सरळ बोलून दाखविले होते. एप्रिल २०२३ मध्ये हंगेरीहून परतताना विमानात पत्रकारांनी या वस्तूंविषयी विचारले, तेव्हा त्यांनी सातव्या आज्ञेची आठवण करून दिली. चोरी केली असेल तर परत केले पाहिजे, इतका तो साधा अर्थ होता. आपण सर्वांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात हेच पाठ केले आहे. प्रायश्चित्त संस्कारात पापक्षमा मिळाली तरी घेतलेली वस्तू घरी ठेवता येत नाही, ती धन्याला द्यावी लागते, हे सातवी-आठवीतले मूलही सांगेल. जक्कयाला प्रभूने उपदेश केल्याचे शुभवर्तमानात दिसत नाही. प्रभू त्याच्या घरी उतरला, आणि चौपट परत देण्याचे तो आपणहून बोलला. रविवारी आपण ते वाचन ऐकतो, झाडावर चढलेल्या बुटक्या माणसाचे कौतुक करतो, आणि त्याच्या हिशेबाच्या वहीकडे मात्र पाहत नाही.

आता विद्यापीठांकडे वळू, कारण तेथे हा प्रश्न विद्येचे वस्त्र पांघरून बसला आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे पिट रिव्हर्स संग्रहालय १८८४ साली स्थापन झाले. जनरल पिट रिव्हर्स या लष्करी अधिकाऱ्याने आपला वीस हजारांहून अधिक वस्तूंचा संग्रह विद्यापीठाला दिला, तो एका अटीवर की मांडणी त्याच्या पद्धतीने व्हावी. ती पद्धत अशी: जमातीनुसार वस्तू मांडायच्या नाहीत, प्रकारानुसार मांडायच्या. जगातली सारी वाद्ये एकत्र, सारी गळजाळी एकत्र, सारे भाले एकत्र. ओबडधोबड वस्तूपासून सुबक वस्तूपर्यंत एक जिना रचायचा. त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर कोण उभे असणार, हे मांडणाऱ्याला आधीच ठाऊक होते. अशा मांडणीत माणूस नाहीसा होतो आणि नमुना उरतो. आमच्या मते हा संग्रहालयाचा पहिला दोष, आणि तो चोरीहून कमी नाही. कारण चोर निदान वस्तू कोणाची हे जाणत असतो.

त्याच संग्रहालयात नागा लोकांच्या हजारो वस्तू आहेत. तो नागा वस्तूंचा जगातला सर्वांत मोठा संग्रह समजला जातो. जे. एच. हटन आणि जे. पी. मिल्स हे नागा टेकड्यांवर नेमलेले इंग्रज अधिकारी त्यांचे मोठे संग्राहक. अधिकारी दिवसा न्याय करी आणि संध्याकाळी संग्रह करी. त्याला नकार कोण देणार? या वस्तूंत केवळ शाली आणि भाले नाहीत. नागा पूर्वजांचे मानवी अवशेषही आहेत, दोनशेहून अधिक. २०२० साली संग्रहालयाने असे अवशेष प्रदर्शनातून काढून घेतले. तेव्हापासून नागा समाजातील वडीलधारी, धर्मसेवक आणि अभ्यासक मिळून ते घरी आणण्याचा विचार करीत आहेत. जून २०२५ मध्ये त्यांचे शिष्टमंडळ ऑक्सफर्डला जाऊन आपल्या पूर्वजांसमोर उभे राहिले. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमधील एका लिलावात शिंगे जोडलेली नागा कवटी विक्रीला निघाली होती. नागालँडच्या मुख्यमंत्र्यांनी निषेध केल्यावर ती मागे घेण्यात आली. माणसाच्या मस्तकाचा लिलाव, आणि तोही आपल्या हयातीत!

नागा बहुतेक ख्रिस्ती आहेत, बाप्तिस्त पंथाचे. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे एक युक्तिवाद हळूच ऐकू येतो: आदिवासी ख्रिस्ती झाला म्हणजे जुन्या देवदैवतांच्या वस्तूंशी त्याचे नाते तुटले, मग त्या संग्रहालयात असल्या काय आणि घरी असल्या काय? नागांनी या युक्तिवादाला कृतीने उत्तर दिले आहे. ज्यांनी कधी ख्रिस्ताचे नाव ऐकले नव्हते अशा पूर्वजांसाठी ख्रिस्ती नातवंडे समुद्रापार गेली. बाप्तिस्म्याने आजा परका होत नाही. आपण वसईकरांनी तर हे अधिक जाणावे. आपल्या लग्नांतली गाणी, आपल्या बायकांची लुगडी आणि दागिने, आपल्या सामवेदी-कादोडी बोली, यांतले किती काही बाप्तिस्म्यापूर्वीचे आहे, आणि आपण ते किती अभिमानाने मिरवितो!

आता घरचा मामला. आम्ही भिवंडीच्या निजामपुऱ्यात राहतो. या तालुक्यात वारली आहेत, कातकरी आहेत, मल्हार कोळी आणि ठाकूर आहेत. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या उन्हाळ्यांकडे जाणारा रस्ता त्यांच्या पाड्यांवरूनच जातो. काही काळापूर्वी आम्ही एका विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागातील दालन पाहिले. विभागाचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, कारण दोष एकट्या त्या विभागाचा नाही. काचेच्या कपाटात एक तारपा होता. खाली चिठ्ठी: वाद्य, वारली, ठाणे जिल्हा, भोपळा व बांबू. बस. कोणी घडविला, कोणत्या पाड्यावर वाजला, कोणी दिला, किती पैशांस दिला, कोणत्या साली, यांतले काही नाही. वनस्पतीचे नाव होते, माणसाचे नव्हते.

तारपा म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे त्याला ही चिठ्ठी बोचेल. वाळवलेल्या दुधीचा पोट, त्यात बसविलेल्या दोन बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळलेला कर्णा, आणि सांधे मधमाश्यांच्या मेणाने बुजविलेले. पीक हाती आल्यावर रात्री तो वाजू लागतो. बायापुरुष कमरेत हात गुंफून त्याच्या मागे फेर धरतात, आणि वाजविणाऱ्याकडे पाठ करीत नाहीत. तो वळेल तशी रांग वळते. श्वास अखंड लागतो; गालात हवा धरून नाकाने घ्यायची, हे कसब बापाकडून मुलाकडे जाते. भोपळा तडकतो, मेण वितळते, पाने फाटतात, आणि दरसाल नवे घडवावे लागते. म्हणजे तारपा जपून ठेवण्याची वस्तूच नव्हे. ती घडवीत राहण्याची वस्तू आहे. काचेआड जे उरले आहे ते त्याचे टरफल.

वारली चौकाचेही तेच. लग्नघराच्या गेरूने सारविलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात, मध्ये पालघट देवी असते, धवलेरी गाणी म्हणते, आणि त्याशिवाय लग्न लागत नाही. तो चौक लग्नासाठी लिहिला जातो आणि पावसाळ्यात भिंतीबरोबर जातो. १९७० नंतरच्या दशकात ही चित्रे कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांच्यासारखा थोर कलावंत जगापुढे आला. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते निवर्तले. त्यांच्या प्रतिभेला आम्ही वंदन करतो. परंतु भिंतीवर लिहिणाऱ्या ज्या असंख्य बाया होत्या, त्यांपैकी एकीचेही नाव कोणत्या चिठ्ठीवर आहे काय?

येथे आमच्यावर आक्षेप येईल, आणि तो अगदी पोकळ नाही. संग्रहालये नसती तर हे सर्व वाळवीने खाल्ले असते. अभ्यासकांनी निदान राखले तरी. फादर हेन्री हेरास या स्पॅनिश येशूसंघीयाने १९२६ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात इतिहाससंशोधनाची संस्था उभारली, त्यात मूर्ती, नाणी, हस्तलिखिते जमविली, आणि भारतीय चित्रकारांना ख्रिस्ती विषय देशी रूपात रंगविण्यास उत्तेजन दिले. त्या माणसाचे ऋण आपला समाज कधी फेडू शकणार नाही. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून काम करीत आहे. तिच्या संग्रहालयात महाराष्ट्रातील जमातींच्या वस्तू एका जागी पाहावयास मिळतात, आणि आदिवासी कारागिरांची प्रदर्शनेही ती भरविते. जतनाला आमचा विरोध नाही. गोव्याच्या ख्रिस्ती समाजाने १९९४ साली राशोल येथे ख्रिस्ती कलेचे संग्रहालय उभे केले, जे पुढे जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात गेले. पण तेथे कोणी कोणाला राखले? आपल्याच माणसांनी, आपल्याच वस्तू, आपल्याच भाषेत समजावून. वारल्याला ही सोय कोणी दिली?

शिवाय 'वाळवीने खाल्ले असते' हे म्हणताना वाळवी कोठून आली, तेही सांगावे. कातकऱ्यांचे नावच कातावरून पडले. खैराच्या झाडापासून कात काढणे हा त्यांचा धंदा. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी खैर सरकारी झाला, आणि कात काढणारा चोर ठरला. आज तो शासनाच्या यादीत आदिम जमात म्हणून नोंदला आहे, आणि दिवाळीनंतर सहा-सात महिने आमच्याच तालुक्यातील वीटभट्ट्यांवर उचलीच्या पैशांत बांधलेला असतो. त्याची पोरे भट्टीवरच वाढतात. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे, वनहक्काचा २००६ चा. कितीतरी कातकरीवाड्यांना आजही ज्या जमिनीवर झोपडी आहे त्या जमिनीचा कागद नाही. त्याची कात काढण्याची हत्यारे काचेत सुरक्षित, आणि तो उघड्यावर. याला जतन म्हणायचे असेल तर त्या शब्दाचा अर्थ आम्हांला नव्याने शिकावा लागेल.

भिवंडीकराला वखारीचे गुपित कोणी शिकवावयास नको. नाशिकच्या हमरस्त्यालगत भाताची खाचरे बुजवून मैलोगणती गोदामे उभी राहिली. आत काय आहे ते पहारेकऱ्यालाही ठाऊक नसते. माल येतो, आकडा पडतो, पत्रा ओढला जातो. जगातल्या मोठ्या संग्रहालयांचा बहुतांश संग्रहही असाच तळघरांत असतो, दर्शनी मांडलेला त्याचा लहानसा अंश. ज्याची वस्तू आहे त्याला ती तेथे आहे, एवढेही कळविलेले नसते.

निजामपुऱ्याच्या शेजाऱ्यांचेच उदाहरण घ्या. आमच्या आजूबाजूला मोमीन-अन्सारी विणकरांची घरे. त्यांच्या वाडवडिलांनी हातमाग चालविले, मग यंत्रमाग आले, आणि आता यंत्रमागही भंगाराच्या भावाने किलोवर विकले जात आहेत. उद्या कोणी विद्वान येऊन एखादा जुना हातमाग, धोटा आणि कांड्या घेऊन गेला, आणि त्याखाली 'विणकर, मुसलमान, ठाणे जिल्हा' अशी चिठ्ठी लावली, तर आमचे शेजारी पहिला प्रश्न विचारतील: कोणाच्या घरचा? ज्याने त्यावर चाळीस वर्षे पाठ वाकविली त्याला नाव नव्हते काय? विणकराला हा प्रश्न विचारता येतो, कारण त्याला शहर आहे, वर्तमानपत्र आहे, आमदार आहे. पाड्यावरच्या म्हाताऱ्याला ते दालन आहे हेच माहीत नाही.

आता थोडे आपल्या जखमेविषयी. १७३९ साली वसई पडली, आणि आपल्या चर्चच्या घंटा मराठी फौजांनी नेल्या. त्यांतल्या काही आज वाईजवळच्या मेणवलीला, भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात टांगलेल्या आहेत. मेणवलीच्या घंटेवर पवित्र मरियेची आकृती आहे. तेथे गेलेला कोणता वसईकर ती पाहून क्षणभर थांबत नाही? त्या घंटा मागाव्यात, असे आम्ही सुचवीत नाही. पण एक भेद लक्षात घ्यावा. त्या लढाईत जिंकून नेल्या, कोणी भेट म्हणून सांगितल्या नाहीत; आणि त्या अजून वाजतात. कोणत्या का देवाच्या दारी असोत, घंटेचे काम त्या करीत आहेत. काचेआडचा तारपा ना कोणी जिंकला, ना तो वाजतो. मेणवलीला आपल्या छातीत जी कळ येते, तीच त्या दालनात नेलेल्या वारली माणसाच्या छातीत येणार नाही, असे आपण कोणत्या आधारावर समजतो?

शेवटी आपल्या अंगणात यावे लागेल, मग ते कितीही अवघड असो. नाताळात आपल्या कित्येक धर्मग्रामांत गव्हाणीमागे वारली चित्रे रंगविण्याची रीत पडली आहे. नाताळाच्या शुभेच्छापत्रांवर, सभागृहाच्या भिंतीवर, अगदी मिस्साच्या वस्त्रावरही ती दिसतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर स्थानिक संस्कृतीचा आदर करण्याची जी दृष्टी आली, तिचेच हे फळ आहे, असे सांगण्यात येते. हेतू चांगला आहे. पण काही ठिकाणी आम्ही देवचौकाची चौकट जशीच्या तशी उचललेली पाहिली, मधली पालघट काढून तेथे बाळ येशू ठेवलेला. वधूच्या घरच्या सवाशिणींनी जो चौक उपासतापास करून लिहावा, त्यातली देवी आपण पुसली, आणि पुसणाऱ्याला ती देवी होती हेही ठाऊक नव्हते. दुसऱ्याने आपल्या क्रूसावरून ख्रिस्ताची मूर्ती काढून तेथे आपले दैवत बसविले, तर आपण त्याला आदर म्हणू काय? वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. दुकानदाराला निदान तेवढा धाक आहे. चर्चच्या सजावट समितीला तोही नाही.

आमची मागणी मोठी नाही. आपल्या मिशन केंद्रांत, वसतिगृहांत, सेमिनरींत आणि महाविद्यालयांत आदिवासी पाड्यांवरून आलेल्या ज्या वस्तू, छायाचित्रे आणि ध्वनिफिती असतील, त्यांची मोजदाद प्रथम आपल्याच संस्थांनी करावी. विद्यापीठांना जाब विचारण्याचा अधिकार त्यानंतर येतो. वस्तू कोठून, कोणाकडून, कोणत्या साली आली हे ज्ञात असेल तर लिहावे. नसेल तर 'अज्ञात' असेच लिहावे, 'भेट' असे नव्हे. गुजरातेत छोटा उदेपूरजवळ तेजगडला गणेश देवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदिवासी अकादमी उभी केली आहे. तेथील 'वाचा' संग्रहालयात वस्तू निवडणारे आणि सांगणारे आदिवासीच आहेत. दोन दिवसांच्या सहलीसाठी आपण वेळांकण्णीपर्यंत जातो. तेजगड त्याहून पुष्कळ जवळ आहे. आणि येत्या नाताळात कोणाला वारली गव्हाण करावयाची असेल, तर त्याने आधी एखाद्या पाड्यावरच्या लिहिणाऱ्या बाईला विचारावे, ती नको म्हणाली तर ऐकावे, हो म्हणाली तर तिला मजुरी द्यावी, आणि गव्हाणीखाली तिचे नाव लिहावे.

जी मोजदाद होईल तिची यादी इंग्रजीत टंकून कपाटात ठेवू नये. ती मराठीत छापावी, आणि ज्या पाड्याची वस्तू आहे त्या पाड्यावर, माणसे भट्टीवरून परतल्यावर, म्हणजे पावसाळ्यात, त्यांच्या बोलीत वाचून दाखवावी.